घरात बौद्धिक अक्षमता असेल आणि बाळाचा विचार असेल तर: जेनेटिक टेस्ट कोणाची आधी, कोणती आणि कधी

घरात कोणालातरी बौद्धिक अक्षमता आहे आणि आता बाळाचा विचार चाललाय, किंवा दिवस राहिलेच आहेत, अशा वेळी बरीच जोडपी डॉक्टरांकडे जाऊन एकच म्हणतात, "आमच्या काय त्या सगळ्या जेनेटिक टेस्ट करून टाका." आता "सगळ्या" नावाची टेस्ट नसते हो. प्रत्येक टेस्ट एका ठराविक प्रश्नाचं उत्तर देते आणि बाकीच्यांबद्दल गप्प बसते, आणि रिपोर्टवर नॉर्मल छापून आलं की आपण समजतो सगळंच नॉर्मल. खरा गोंधळ इथेच होतो. म्हणून टेस्टची नावं पाठ करण्यापेक्षा त्यांचा क्रम समजून घ्या. पहिली टेस्ट जवळजवळ नेहमीच तुमची नसते, ज्याला त्रास आहे त्याची असते.

सुरुवातीलाच एक सांगून टाकतो, बौद्धिक अक्षमता म्हणजे आनुवंशिकच असं नाही. जन्माच्या वेळी ऑक्सिजन कमी पडणं, फार आधी झालेला जन्म, गरोदरपणातलं इन्फेक्शन, आईचं दारू पिणं, आयोडीनची कमतरता, मेंदूज्वर, अशी कितीतरी कारणं असतात. आणि जेनेटिक असलं तरी ते घराण्यातून आलेलं असेलच असंही नाही. डाउन सिंड्रोमच बघा, जेनेटिक तर आहेच, पण साधारण ९५ टक्के वेळा स्त्रीबीज किंवा शुक्राणू तयार होताना क्रोमोसोमची, म्हणजे जनुकं ज्यावर बसतात त्या गाठोड्यांची, वाटणी चुकते म्हणून होतो, आईबाबांच्या रक्तात शोधलं तर काहीच सापडत नाही. गंभीर अक्षमतेच्या बऱ्याच केसेसमध्ये जनुकातला बदल त्या मुलातच पहिल्यांदा आलेला असतो, त्याला डी नोव्हो म्हणतात. घराण्यातून येणाऱ्यांत एकाच जनुकामुळे होणारं सगळ्यात जास्त आढळणारं कारण म्हणजे फ्रॅजाइल एक्स, एक्स क्रोमोसोमवरच्या एका जनुकातल्या बिघाडाचा आजार, त्यामुळे खाली त्याच्यावरच जास्त बोललोय.

पायरी १: कागद घ्या आणि तीन पिढ्या लिहा

ही फुकटातली टेस्ट आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. दोन्ही बाजूंची भावंडं, आईवडील, काका, आत्या, मामा, मावश्या, त्यांची मुलं, आजीआजोबा आणि त्यांची भावंडं, सगळे लिहायचे. प्रत्येकापुढे शिक्षण कसं झालं, बोलायला-चालायला उशीर झाला का, फिट्स येतात का, मूल लहानपणीच गेलं का, वारंवार गर्भपात झाले का. "लहानपणी ताप मेंदूत गेला" हे उत्तर मिळालं तर ते लिहून घ्या पण लगेच खरं धरू नका, बऱ्याचदा खरं कारण कोणी शोधलेलंच नसतं आणि तापावर ढकलून दिलेलं असतं.

दोन प्रश्न लोक विचारायचे विसरतात. एक, आईच्या बाजूला कोणा बाईची पाळी चाळिशीच्या आधीच गेली का. दुसरा, म्हातारपणी कोणा पुरुषाचे हात थरथरायला लागले आणि चालताना तोल जायला लागला का. या दोन्ही गोष्टी फ्रॅजाइल एक्सच्या वाहकांमध्ये (ज्यांच्यात बदल असतो पण स्वतःला तो आजार नसतो) दिसतात आणि बौद्धिक अक्षमतेशी त्यांचा संबंध असेल असं कोणाच्या डोक्यातही येत नाही.

मग कागद लांबून बघा. त्रास असलेले बहुतेक मुलगे आणि ते सगळे आईच्या बाजूने जोडलेले, म्हणजे मामा, मावसभाऊ, आजीचा भाऊ, तर एक्स क्रोमोसोमवरचा आजार असण्याचा संशय घ्यायचा. एकाच जोडप्याची दोन मुलं, मुलगा-मुलगी कोणीही, आणि वर-खाली कोणालाच नाही, त्यात आईबाबा एकमेकांच्या नात्यातले, तर रिसेसिव्ह आजाराचा, म्हणजे दोन्ही पालकांकडून बिघडलेलं जनुक आलं तरच होणाऱ्या आजाराचा, विचार येतो. गर्भपात बरेच आणि मध्येच एखादं अक्षमता असलेलं मूल, तर क्रोमोसोमच्या अदलाबदलीचा. आणि पूर्ण घराण्यात एकटंच मूल असेल तर यातलं काहीही असू शकतं, डी नोव्हो सकट.

पायरी २: ज्याला त्रास आहे त्याचं निदान आधी

समजा तुमच्या भावाला अक्षमता आहे आणि कारण माहीत नाही. अशात तुमची कॅरियर टेस्ट (तुम्ही वाहक आहात का ते बघणारी) करणं म्हणजे काय हरवलंय ते न विचारता घर शोधायला लागणं. तुमचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी त्याला अर्थ नसतो, कारण जे भावाला आहे ते त्या टेस्टमध्ये बघितलं होतं की नाही हेच ठाऊक नाही.

भावाची तपासणी साधारण अशी होते. आधी जेनेटिक्सचे डॉक्टर त्याला बघतात, चेहरा, डोक्याचा घेर, कातडीवरचे डाग, फिट्सचा इतिहास. मग क्रोमोसोमल मायक्रोअ‍ॅरे, जी क्रोमोसोमचे गळालेले किंवा जास्तीचे छोटे तुकडे पकडते, आणि सोबत फ्रॅजाइल एक्सची वेगळी टेस्ट. चेहऱ्यावरून डाउन सिंड्रोम वाटत असेल तर कॅरिओटाइप, म्हणजे मायक्रोस्कोपखाली क्रोमोसोम मोजून बघणं. यात काही नाही निघालं तर एक्झोम सिक्वेन्सिंग, म्हणजे जनुकांतला प्रोटीन बनवणारा भाग वाचणं, शक्यतो आईबाबा आणि मूल तिघांचं एकत्र, म्हणजे कुठला बदल नवा आणि कुठला आलेला ते लगेच कळतं. काही ठिकाणी हल्ली एक्झोम आधीच करतात, ते ठीक आहे.

पण हे नीट लक्षात ठेवा: फ्रॅजाइल एक्स मायक्रोअ‍ॅरेमध्ये दिसत नाही आणि नेहमीच्या एक्झोममध्येही दिसत नाही. त्यात चूक आहे ती डीएनएची तीन अक्षरं शेकडो वेळा रिपीट होण्याची, आणि डीएनएचे छोटे छोटे तुकडे वाचणाऱ्या मशीनला अशी लांबलचक पुनरावृत्ती मोजता येत नाही. "आम्ही एक्झोम केलंय, सगळं क्लिअर आहे" असं सांगणाऱ्यांना मी पहिला प्रश्न हाच विचारतो, फ्रॅजाइल एक्स वेगळं केलं होतं का. आणि जुन्या कागदांवर फ्रॅजाइल एक्स निगेटिव्ह लिहिलं असेल तर साल बघा. हे जनुक सापडलं १९९१ मध्ये. त्याच्या आधी पेशी वाढवून मायक्रोस्कोपखाली एक्स क्रोमोसोम तुटका दिसतो का ते बघायचे, त्यात बरेच सुटायचे, वाहक बायका तर हमखास. तितका जुना रिपोर्ट असेल तर टेस्ट परत करायची. एक्झोमही दोनेक वर्षांपूर्वीचं असेल आणि काही सापडलं नसेल तर तोच डेटा परत तपासून मागा, मधल्या काळात नवीन जनुकं कळलेली असतात.

ती व्यक्ती हयात नसेल तरी लगेच हात टेकू नका. कुठल्या लॅबने डीएनए ठेवलाय का, जन्माच्या वेळी टाचेतून घेतलेल्या रक्ताचं कार्ड जपलंय का, ऑपरेशनमधला टिश्यू ब्लॉक आहे का, विचारून बघा. काहीच नसेल तर त्या व्यक्तीच्या आईची टेस्ट करणं ही पुढची चांगली जागा.

पायरी ३: आता तुमची कॅरियर टेस्ट

भावातला बदल कळला असेल तर काम सोपं, लॅबला तो रिपोर्ट द्यायचा आणि तेवढाच बदल तुमच्यात शोधायचा. इथे उत्तर हो किंवा नाही असं स्वच्छ येतं. भावाचा रिपोर्ट पूर्ण द्या, फोनवर "ते जनुकाचं काहीतरी होतं" सांगून चालत नाही, जनुकाचं नाव आणि बदलाचा कोड दोन्ही लागतं.

बदल माहीत नसेल किंवा घराण्यात कोणीच नसेल आणि फक्त खबरदारी म्हणून करायचं असेल तर एक्सपांडेड कॅरियर पॅनेल असतं, शेकडो जनुकं एका फटक्यात. रिसेसिव्ह आजारात दोघंही एकाच जनुकाचे वाहक असतील तरच प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता, एकटाच वाहक असेल तर बाळाला तो आजार होण्याची शक्यता फारच कमी. आपण सगळेच कसले ना कसले वाहक असतो, त्यामुळे एकाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून घाबरून जायचं कारण नाही. ऑस्ट्रेलियात मॅकेन्झीज मिशन नावाचा मोठा प्रकल्प झाला, त्यात नऊ हजारांवर जोडप्यांची तपासणी झाली आणि साधारण १.९ टक्के जोडप्यांनाच जोडी म्हणून जास्त धोका निघाला. दिवस राहिले असतील तर दोघांचं रक्त एकाच दिवशी द्या, आधी तिचं मग गरज पडली तर त्याचं असं करत बसलात तर महिना हातातून जातो. पॅनेल घेताना फ्रॅजाइल एक्स त्यात आहे की वेगळं मागावं लागतं तेही विचारा. आणि डी नोव्हो गोष्टी पॅनेल कितीही मोठं घेतलं तरी त्यात येणारच नाहीत, कारण त्या आईबाबांत नसतातच. घरातलं पहिलं मूल डी नोव्हो बदलाचं असेल तर दुसऱ्या बाळाला साधारण १ टक्का शक्यता धरतात, कारण एखाद्या पालकाच्या बीजपेशींत तो बदल रक्तात न दिसता लपलेला असू शकतो.

डाउन सिंड्रोम घरात असेल तर त्या व्यक्तीचा कॅरिओटाइप शोधा. नुसतं एक जास्तीचं सुटं २१ नंबरचं क्रोमोसोम असेल तर भावंडांना स्वतःची टेस्ट करायची गरज सहसा नसते. पण तीन-चार टक्के वेळा ते २१ नंबरचं क्रोमोसोम दुसऱ्याला, समजा १४ ला, चिकटलेलं असतं, त्याला ट्रान्सलोकेशन म्हणतात आणि ते आई किंवा बाबाकडून आलेलं असू शकतं. आई वाहक असेल तर पुढच्या बाळाला १० ते १५ टक्के धोका, बाबा वाहक असेल तर बराच कमी. वाहकाला स्वतःला काहीही त्रास नसतो. ही वाहकाची टेस्ट साध्या कॅरिओटाइपवरच करायची, मायक्रोअ‍ॅरे महाग आणि नवीन असली तरी इथे निरुपयोगी आहे, कारण माल जागेवरून हललाय पण कमी-जास्त काहीच झालेला नाही.

फ्रॅजाइल एक्सचा रिपोर्ट कसा वाचायचा

एक्स क्रोमोसोमवरच्या एफएमआर१ जनुकाच्या सुरुवातीला सीजीजी ही तीन अक्षरं ओळीने परत परत येतात. ४४ पर्यंत नॉर्मल. ४५ ते ५४ मधला पट्टा. ५५ ते २०० म्हणजे प्रीम्युटेशन, हाच वाहक. २०० च्या वर गेलं की फुल म्युटेशन, तेव्हा जनुकावर मिथाइल चिकटून ते बंद पडतं आणि मेंदूला लागणारं एफएमआरपी प्रोटीन बनत नाही.

समजा एका बाईच्या रिपोर्टवर २९ आणि ७८ असे दोन आकडे आलेत. दोन एक्स म्हणून दोन आकडे. बाळाला २९ वाला एक्स गेला तर विषयच संपला. ७८ वाला जायची शक्यता निम्मी. पण गेला तर ७८ च राहील याची खात्री नाही, आईकडून जाताना हा आकडा वाढतो, आणि वाढून २०० च्या पार गेला तर बाळाला फ्रॅजाइल एक्स. पंचावन्न-साठच्या आसपास असेल तर एका पिढीत एवढी उडी फार क्वचित, शंभरच्या वर असेल तर जवळजवळ ठरलेली. ७८ हा मधलाच अवघड आकडा. इथे लॅबला एजीजी इंटरप्शनची टेस्ट विचारायची. सीजीजीच्या माळेत मध्येमध्ये एजीजी आलं असेल तर माळ स्थिर राहते, दोन एजीजी असलेल्या ७८ चा धोका एकही नसलेल्या ७८ पेक्षा खूप कमी असतो. एवढ्या एका माहितीने निर्णय बदलू शकतो आणि तरी बऱ्याच रिपोर्टवर ती नसते, मागावी लागते.

बाईच्या रिपोर्टवर एकच आकडा आला असेल तर थांबा. दोन्ही एक्सवर तोच आकडा असू शकतो, ते कॉमन आहे. पण साध्या पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून मोजायच्या टेस्टमध्ये, खूप लांब असलेली माळ वाढतच नाही आणि रिपोर्टवर फक्त छोटी उमटते. म्हणून ट्रिप्लेट प्राइम्ड पीसीआर किंवा सदर्न ब्लॉट या लांब माळही पकडणाऱ्या टेस्टने खात्री केली का ते लॅबला विचारा.

पुरुष वाहक असेल तर गणित वेगळं. त्याच्याकडून मुलग्याला वाय क्रोमोसोमच जातो म्हणून मुलग्यांना काही नाही, सगळ्या मुलींना प्रीम्युटेशन जातं, पण त्याच्याकडून जाताना ते फुल होत नाही. मुली ठीकठाक असतात आणि आजार उगवतो तो नातवंडांत. "आमच्या बाजूला कोणालाच नाही" म्हणणारे आजोबा कित्येकदा स्वतःच वाहक निघतात.

आणि प्रीम्युटेशन म्हणजे फक्त बाळाची काळजी नाही. अशा बायकांपैकी साधारण २० टक्के जणींची पाळी चाळिशीच्या आत जाते किंवा अंडाशयाचं काम लवकर थकतं, त्यामुळे मूल हवं असेल तर अजून पाचेक वर्षं बघू असं करू नका. पन्नाशीनंतर वाहक पुरुषांत साधारण ४० टक्क्यांना थरथर आणि तोल जाण्याचा एफएक्सटीएएस नावाचा आजार होतो, बायकांतही होतो पण कमी.

पायरी ४: दिवस राहण्याआधी कळलं तर

घाई करू नका, या टप्प्यावर सगळ्यात जास्त रस्ते उघडे असतात. नेहमीसारखा चान्स घेऊन गरोदरपणात टेस्ट करता येते, आयव्हीएफ करून पीजीटी-एम म्हणजे गर्भ आत सोडायच्या आधी तपासता येतो, दुसऱ्याचं स्त्रीबीज किंवा शुक्राणू, दत्तक, किंवा जे येईल ते आपलं म्हणून काहीच न तपासणं हासुद्धा पूर्ण मान्य असलेला निर्णय आहे. पीजीटी-एमबद्दल दोन गोष्टी. त्याची तयारी प्रत्येक कुटुंबासाठी वेगळी करावी लागते, तुमच्यासोबत भावाचं किंवा आईवडिलांचं सॅम्पल लागतं आणि त्यात आठवडे ते महिने जातात. आणि आयव्हीएफमध्ये नुसतं पीजीटी म्हणतात ते बहुतेक वेळा पीजीटी-ए असतं, त्यात क्रोमोसोमची संख्या मोजतात, तुमचं जनुक त्यात कोणी बघत नाही. फ्रॅजाइल एक्सच्या वाहक बाईला बीजं कमी मिळतात त्यामुळे तपासायला गर्भही कमी उरतात, हे आधीच माहीत असलेलं बरं. पीजीटी-एम केलं तरी गरोदरपणात खात्रीची टेस्ट करायचा सल्ला देतात.

पायरी ५: दिवस राहिल्यावर आठवड्यांचा हिशोब

पाळी चुकल्याबरोबर जेनेटिक्सच्या डॉक्टरांना कळवा, तिसऱ्या महिन्याची वाट बघू नका, कारण लॅबला तुमची जुनी सॅम्पल तपासून तयारी करून ठेवायची असते.

साधारण १० व्या आठवड्यापासून एनआयपीटी होते, आईच्या रक्तात फिरणारे डीएनएचे तुकडे तपासून. २१, १८, १३ नंबरच्या ट्रायसोमीसाठी (ते क्रोमोसोम दोनाऐवजी तीन असणं) चाळणी म्हणून ती उत्तम आहे. पण ती चाळणीच, निदान नव्हे. ते तुकडे खरं तर वारेतून येतात, बाळातून नाही, आणि वार आणि बाळ क्वचित वेगळं असू शकतं. पॉझिटिव्ह आली तर पुढची खात्री केल्याशिवाय कुठलाही निर्णय घेऊ नका. आणि फ्रॅजाइल एक्स नेहमीच्या एनआयपीटीत नसतं, सोनोग्राफीत तर दिसतच नाही, बाळ अगदी व्यवस्थित दिसतं.

निदानासाठी दोनच रस्ते. ११ ते १४ आठवड्यांत सीव्हीएस, म्हणजे वारेचा बारीक नमुना, किंवा १५ आठवड्यांनंतर अ‍ॅम्निओसेंटेसिस, म्हणजे गर्भजल. दोन्हीत सोनोग्राफीवर बघत सुई घालतात. त्यामुळे गर्भपात होण्याचा जास्तीचा धोका अनुभवी हातात अर्ध्या टक्क्याच्या आतच असतो, हा आकडा जुन्या पुस्तकांत मोठा दिलेला असायचा. सीव्हीएसचा फायदा म्हणजे उत्तर लवकर. पण फ्रॅजाइल एक्समध्ये एक मेख आहे: या आठवड्यांत वारेतलं मिथायलेशन (जनुक बंद करणारं ते मिथाइल चिकटणं) पूर्ण झालेलं नसतं, त्यामुळे तिथे फक्त आकडा वाचायचा. आकडा ९० आला किंवा ६०० आला तर स्पष्ट आहे. २०० च्या आजूबाजूला आला तर बहुधा गर्भजलही करावं लागतं.

सुई घालायच्या आधी लॅबला तीन गोष्टी लेखी द्या, नक्की कुठला बदल शोधायचाय, घरातल्या व्यक्तीचा रिपोर्ट, आणि आईचं रक्त. आईचं रक्त यासाठी की नमुन्यात आईच्याच पेशी मिसळल्या असतील तर ते पकडता यावं, नाहीतर आईचाच रिपोर्ट बाळाचा म्हणून हातात यायचा. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन लागेल का तेही तिथेच विचारा. रिपोर्ट कधी येईल ते तारखेसकट विचारा: ट्रायसोमीची झटपट टेस्ट दोन-तीन दिवसांत होते, बाकीच्यांना आठवडे लागू शकतात, आणि तुम्ही राहता तिथे गर्भपाताच्या कायद्याची मर्यादा किती आठवड्यांची आहे त्याच्याशी ही तारीख जुळवून बघावी लागते. हे बोलायला जड जातं पण आधीच बोलून ठेवा.

पायरी ६: रिपोर्ट हातात आल्यावर

मुलगा आणि फुल म्युटेशन असेल तर बौद्धिक अक्षमता जवळजवळ नक्की, बहुतेकदा मध्यम स्वरूपाची, आयुष्यभर कोणाचीतरी साथ लागते पण ही मुलं चालतात, बोलतात, माणसांना लावून घेतात. मुलगी असेल तर खरंच कोणी सांगू शकत नाही. तिच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बंद असतो आणि कुठे कुठला बंद आहे यावर सगळं अवलंबून. साधारण निम्म्या मुलींना कमी-जास्त त्रास होतो, काही जणी कॉलेज करतात. मेंदूत काय चाललंय ते गर्भजलावरून कळत नाही. त्यामुळे रिपोर्ट यायच्या आधीच दोघांनी बसून बोला, मुलगी आणि फुल म्युटेशन असं आलं तर आपण काय करू. याचं उत्तर दुसरं कोणी देऊ नये, सासू-सासऱ्यांनी नाही, डॉक्टरांनीही नाही. जमलं तर फ्रॅजाइल एक्स असलेल्या मुलाच्या पालकांना एकदा भेटा, चांगला दिवस आणि वाईट दिवस दोन्ही त्यांना विचारा.

बाळाची मायक्रोअ‍ॅरे किंवा एक्झोम केलं असेल तर व्हीयूएस असा शेरा येऊ शकतो, म्हणजे बदल दिसतोय पण तो घातक आहे की साधा ते आज ठरवता येत नाही. नुसत्या व्हीयूएसवर गरोदरपणाचा निर्णय घेऊ नये. तोच बदल निरोगी आईत किंवा बाबात आहे का ते आधी बघतात, असला तर बऱ्याचदा जीव भांड्यात पडतो.

पायरी ७: जन्मानंतर, आणि बाकीच्या नातेवाईकांचं

गरोदरपणात काहीच तपासलं नसेल तरी जन्मानंतर दोन-तीन दिवसांत टाचेच्या रक्ताची तपासणी सोडू नका. पीकेयू (अन्नातलं फेनिलअ‍ॅलनिन हे द्रव्य शरीराला पचवता न येणं) आणि जन्मजात हायपोथायरॉइड ही अक्षमतेची अशी कारणं आहेत जी लगेच पकडली तर मेंदू वाचतो, एकाला खास आहार आणि दुसऱ्याला रोजची गोळी. आईलाच पीकेयू असेल तर दिवस राहण्याआधीपासून तिचं फेनिलअ‍ॅलनिन ताब्यात हवं, नाहीतर बाळाला आजार आलेला नसूनही नुकसान होतं.

तुमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर बहीण, मावशी, मावसबहिणींना कळवायला हवं, विशेषतः ज्यांचं मूल व्हायचं वय आहे त्यांना. फोनवर नुसतं "आपल्या घराण्यात दोष आहे" म्हणालात तर भांडण होईल. एक छोटी चिठ्ठी बनवा, त्यात जनुकाचं नाव, आकडा किंवा कोड, लॅबचं नाव आणि "ही घेऊन जेनेटिक कौन्सेलरकडे जा" एवढंच. पुढे करायचं की नाही ते त्यांचं त्या बघतील. लहान, धडधाकट मुलींची वाहक टेस्ट मात्र आताच करून ठेवू नका, त्यांच्या आजच्या तब्येतीसाठी तिचा काही उपयोग नसेल तर ती माहिती त्या मोठ्या झाल्यावर त्यांनी स्वतः मागायची असते. चिठ्ठीची एक प्रत त्यांच्यासाठी फाइलमध्ये ठेवून द्या.